धोपाव्याची फेरीबोट आणि त्या मावशी

आज आईला घेऊन गुहागरहून दापोलीला निघाले आणि धोपाव्याच्या उतारावर स्कूटर पंक्चर. खाली दाभोळला जाणारी फेरीबोट सुटायच्या बेतात. आईचे गुडघे दुखतायत, ऊन तर असलं!

एका मासळीवाल्या मावशींनी टोपली खाली ठेवली. "बाय, तू गाडी ढकल, आईला मी आणते." हात ओले होते म्हणून आधी पदराला पुसले, मग आईचा दंड धरला. बोटीवरच्या खलाशाने फळी उचलायची थांबवली, दोन पोरांनी मागून स्कूटर रेटली.

वाशिष्ठीची खाडी ओलांडेपर्यंत माझे डोळे भरलेले. मावशी मात्र मागे धक्क्यावरच राहिल्या. त्यांना यायचंच नव्हतं, फक्त आईला सोडायला आल्या होत्या! नावही विचारलं नाही मी. रविवारी परतताना शोधणार आहे त्यांना.