तीस लॅपटॉप, एक राऊटर आणि सव्वा महिना

संगणक कक्षातल्या दहा डेस्कटॉपऐवजी तीस लॅपटॉप थेट वर्गात न्यायचे, हे आमच्या शाळेत ठरलं ते पस्तीस मिनिटांच्या तासामुळे. रांग, चपला, जागा यांत दहा मिनिटं जायची आणि मग एका पडद्यासमोर तीन-चार डोकी. लॅपटॉप असला की भूगोलाच्या तासाला नकाशा बाकावरच उघडता येतो; काम झालं, झाकण मिटलं, वही पुढे. खरेदी आणि डेडस्टॉक रजिस्टरची (शाळेच्या टिकाऊ सामानाच्या वहीतली) नोंद आठवड्यात झाली. अडलं ते वायफायपाशी.

पुरवठादाराने व्हरांड्यात एक घरगुती राऊटर लावून दिला. पहिले दहा-बारा लॅपटॉप नीट चालायचे, पुढच्यांवर पान उघडायचंच नाही. दर फोनला एकच उत्तर: "सर, रेंज फुल आहे, लॅपटॉप तपासा." या उत्तराचा राग अजून गेलेला नाही, कारण पडद्यावरच्या रेंजच्या दांड्या फक्त सिग्नलचा जोर दाखवतात. एका चॅनेलवर, म्हणजे वायफायच्या एका वाटेवर, एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं. भिंतीआडचा लॅपटॉप संथ बोलतो आणि बाकीच्यांचाही वेळ खातो. त्यात तो राऊटर नुसता 2.4 गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यावर चालणारा. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11. आजूबाजूच्या घरांनी ते आधीच भरलेले.

दुसरी अडचण मी स्वतः शोधली. काही लॅपटॉपांवर 169.254 ने सुरू होणारा आयपी पत्ता (नेटवर्कवर यंत्राला मिळणारा क्रमांक) दिसत होता, म्हणजे राऊटरने पत्ता दिलेलाच नाही. राऊटरकडे वाटायला 50 पत्ते, प्रत्येकाची मुदत 24 तास, आणि पासवर्ड सगळ्यांच्या मोबाइलमध्ये. काल येऊन गेलेल्या फोननेही पत्ता अडवलेला. मुदत दोन तासांवर आणली, पत्ते 200 केले, मोबाइलसाठी वेगळं नेटवर्क केलं. मग राऊटर व्हरांड्यातून हलवून दोन वर्गांत छताला एकेक ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारा डबा) बसवला, दोन्हींना कॅट-6 ही नेटवर्कची केबल, 5 गिगाहर्ट्झचा पट्टा, वेगवेगळे चॅनेल. त्याच दिवशी तीसही लॅपटॉप एकदम चालले. इतका आनंद मला लॅपटॉप आले तेव्हाही झाला नव्हता.

वीज गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर चालतात, हा डेस्कटॉपवरचा मोठा फायदा. पण राऊटर आणि नेटवर्कच्या केबली जोडणारा स्विच बंद पडले तर नेट जातंच. त्यांना छोटा यूपीएस (वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा डबा) द्या.

चार्जिंगचा हिशोब आधी करा. 65 वॅटचे तीस चार्जर म्हणजे 1950 वॅट, 230 व्होल्टला साधारण साडेआठ अँपिअर. 6 अँपिअरच्या सॉकेटवर एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडू नका. 16 अँपिअरची वेगळी लाइन घ्या आणि पंधरा-पंधराच्या दोन पाळ्या करा.

डेस्कटॉपचा कीबोर्ड बिघडला तर नवा जोडून पाच मिनिटांत काम सुरू होतं. लॅपटॉपचा बदलायला बहुधा अख्खा उघडावा लागतो, म्हणून दोन लॅपटॉप राखीव ठेवाच.

हो, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी सगळे लॅपटॉप विंडोजचे अपडेट एकदम उतरवू लागतात. आदल्या दिवशी पाच-पाच करून उरका. आणि मे महिन्यात कपाटात ठेवताना बॅटरी निम्मी भरलेली ठेवा; पूर्ण रिकामी ठेवली तर जूनमध्ये काही चालूच होत नाहीत.