दुप्पट वेग, चौपट खोल

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून पाठवा, असं पत्र शाळेकडून आलं आणि कशावर लिहावं हा प्रश्नच पडला नाही. मराठीच्या बाईंचं फळ्यावरचं अक्षर, पीटीच्या सरांची शिट्टी, पंधरा ऑगस्टचं संचलन, यांवर लिहिणारे पुष्कळ असतील. त्यांनी लिहावं, मी वाचीन. मी मात्र विज्ञानाच्या सरांवर लिहिणार. त्यांचं नाव इथे द्यायची गरज नाही. आमच्या वेळी 'सर आले रे' एवढंच कोणी म्हटलं, तरी कोण आले ते साऱ्या व्हरांड्याला कळायचं.

भुसावळात राहायचं म्हणजे रेल्वेचा आवाज कानाला असायचाच. आमचा नववीचा वर्ग मागच्या बाजूला होता आणि खिडक्या यार्डाकडे उघडायच्या. शंटिंग, म्हणजे डबे जोडण्या-तोडण्याचं काम, चालू असलं की सुटा सोडलेला डबा घरंगळत येऊन उभ्या रेकवर, म्हणजे जोडलेल्या डब्यांच्या रांगेवर, आदळे. त्याचा दणका एका डब्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा लांबवर सरकत गेलेला ऐकू यायचा. इतर शिक्षक तेवढा वेळ थांबत आणि आवाज संपला की पुढे शिकवू लागत. सर मात्र खडू हातात तसाच धरून म्हणत, "ऐका. हाच आजचा धडा."

संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. धडकेआधी आणि धडकेनंतर तो एकूण तेवढाच राहतो, हा संवेग अक्षय्यतेचा नियम आम्ही असा त्या खिडकीत शिकलो. एक डबा ताशी आठ किलोमीटर वेगाने आला, तेवढ्याच वजनाच्या उभ्या डब्याला धडकला आणि डबे जोडणारं कपलिंग बसलं. आता दोघे मिळून किती वेगाने जातील? चार. वस्तुमान दुप्पट झालं, वेग निम्मा झाला, गुणाकार तोच राहिला. हे सगळ्यांना जमलं. मग सरांनी त्याच दोन डब्यांची गतिज ऊर्जा, म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग याच्या निम्मी, काढायला लावली, तर ती धडकेआधी होती त्याच्या बरोबर निम्मी आली. वर्गात गलका झाला. ऊर्जा नष्ट होत नाही असं पुस्तकात ठळक अक्षरांत छापलेलं, मग निम्मी गेली कुठे? सर म्हणाले, "गेली कुठे? आत्ता ऐकली नाही का तुम्ही? थोडी आवाजात गेली, बाकीची कपलिंगच्या स्प्रिंगांत आणि लोखंड तापण्यात. संवेगाला असं दुसऱ्या रूपात जाता येत नाही, म्हणून तो सगळाच्या सगळा डब्यांत राहिला."

त्यावर मागच्या बाकावरून एकाने विचारलं, की संवेग आणि गतिज ऊर्जा दोन्ही वस्तुमान आणि वेगापासूनच होतात, तर दोन वेगळ्या राशी हव्यात कशाला? एकीवर भागत नाही का? प्रश्न विचारणारा आमचा मित्र सावद्याच्या बाजूचा. त्याचे वडील केळीच्या वॅगन भरायच्या कामावर होते. सर त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "फार चांगलं विचारलंस. उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी शिपाईमामांनी एक बादली आणून टेबलावर ठेवली. बादलीत काळी माती. चाळलेली, थोडी वाळू घातलेली, पाणी शिंपून मळून एकसारखी केलेली. सर सकाळी लवकर येऊन स्वतः मळत बसले होते, हे मामांनी नंतर सांगितलं. त्यांच्या बाह्यांच्या कडेला ती माती वाळून पांढरट झालेली मला अजून दिसते. बरोबर वीतभर लांबीचा, खाली सपाट कापलेला लोखंडी सळईचा तुकडा होता आणि तो सरळ पडावा म्हणून नळाचा जुना पाइप.

आधी त्यांनी तुकडा मातीपासून पंचवीस सेंटिमीटर उंचीवरून सोडला. मातीत भोक पडलं. प्रश्न विचारणाऱ्या मित्रालाच बोटं लावून मोजायला सांगितलं: दोन बोटं. मग सरांनी विचारलं, वेग दुप्पट हवा तर किती उंचीवरून सोडू? बऱ्याच जणांनी पन्नास सांगितले. सरांनी फळ्यावर गणित मांडलं. पंचवीस सेंटिमीटरवरून पडताना वेग सेकंदाला सुमारे २.२ मीटर होतो. तो ४.४ करायचा तर उंची चौपट, म्हणजे एक मीटर लागते. मग ते खुर्चीवर चढले, पाइप सरळ धरला, तुकडा सोडला. मित्राने बोटं लावली, पुन्हा लावली आणि ओरडला, "सर, हे तं चौपट धसेल आहे!" आठ बोटांना थोडं कमी होतं. सारा वर्ग टेबलाभोवती गोळा झाला.

त्यानंतर सर जे बोलले ते मी वहीत लिहून घेतलं आणि ती वही आजही माझ्याकडे आहे. "अडवणारं बल तेच असेल, तर थांबायला किती वेळ लागेल ते संवेग सांगतो. थांबेपर्यंत किती लांब जाल ते ऊर्जा सांगते. वेग दुप्पट केलात तर वेळ दुप्पट, अंतर चौपट. म्हणून दोन्ही हव्यात."

पुढे वाचनात आलं, की याच प्रश्नावर युरोपातले मोठमोठे पंडित कित्येक वर्षं भांडत होते. गतीचं खरं माप वस्तुमान गुणिले वेग हेच, असं फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचे अनुयायी म्हणत. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने १६८६ मध्ये त्याला विरोध केला आणि वेगाचा वर्ग घ्यायला हवा असं मांडलं. ग्रावेसांडे नावाच्या डच शास्त्रज्ञाने १७२२ च्या सुमारास पितळी गोळे मऊ मातीवर टाकून त्यांचे खड्डे तपासले आणि एमिली द्यु शातले या फ्रेंच विदुषीने त्या प्रयोगांचा आधार घेऊन लायब्निझची बाजू लावून धरली. तो प्रयोग आमच्या सरांनी भुसावळच्या काळ्या मातीत करून दाखवला होता. सरांना हा इतिहास माहीत असणारच. पण त्यांनी कोणाचं नाव घेऊन आम्हाला दडपून टाकलं नाही. बादली पुढे ठेवली आणि बोटं लावायला सांगितली.

मी रेल्वेत सहायक म्हणून लागलो आणि पुढे मालगाडीचा ड्रायव्हर झालो, ज्याला आता लोको पायलट म्हणतात. कोळशाने भरलेली अठ्ठावन्न डब्यांची मालगाडी म्हणजे सुमारे पावणेपाच हजार टन. ती ताशी साठने धावत असेल तर तिच्यातली गतिज ऊर्जा जवळपास १८० युनिट विजेइतकी होते. तीसने धावत असेल तर फक्त ४५. पिवळा सिग्नल दिसला की ड्रायव्हरच्या हातात जे काही असतं, ते या दोन आकड्यांमधल्या फरकात असतं. नवीन तीन-फेज इंजिनांत ब्रेक लावताना मोटारी उलट वीज तयार करतात आणि ती वरच्या तारेत परत जाते. पहिल्यांदा मीटरवर ते पाहिलं तेव्हा वाटलं, आत्ता सर इथे कॅबमध्ये हवे होते. ते तोवर गेले होते. माझी नेमणूक झाल्याचं सांगायला त्यांच्या घरी गेलो होतो, तेव्हा त्यांनी पेढा बाजूला ठेवून आधी विचारलं होतं, "ब्रेक कसा असतो रे? नीट सांग." तासभर मी सांगत होतो.

गेली काही वर्षं मी नव्या मुलांना शिकवतो. पहिल्याच तासाला बादली, माती आणि सळई. इंजिनिअरिंग केलेली मुलंसुद्धा बोटं लावून बघतात आणि एकमेकांकडे पाहतात. ब्रेकचं अंतर नंतर त्यांना पाठ करावं लागत नाही.

मध्यंतरी शाळेत आलो होतो. इमारत सुंदर झाली आहे, वर्गात मोठे पडदे लागले आहेत. यार्डाकडच्या खिडक्या मात्र आवाज येतो म्हणून बुजवल्या. तसाही तो आवाज कमी झाला, कारण आता मालगाड्या पूर्ण रेकच्याच निघतात, डबे जोडण्या-तोडण्याचं काम पूर्वीइतकं राहिलं नाही. पण मला त्या भिंतीपुढे उभं राहवलं नाही, हे खरं. प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप होतं. किल्ली कोणाकडे असते ते विचारलं, तर दोघांनी तिसऱ्याकडे बोट दाखवलं.

मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. प्रयोगशाळेसाठी सळया, पाइप, दोन ट्रॉल्या आणि स्प्रिंगा असा संच मी स्वतः करून देतो. नववीच्या प्रत्येक तुकडीला एकदा येऊन तास घेण्याचीही माझी तयारी आहे. पाठ्यपुस्तकातला तो धडा जेव्हा चालू असेल तेव्हाच बोलवावं, आधी किंवा नंतर नको. मुलं पुढच्या बाकांवर दाटीवाटीने बसली तर बसू द्यावीत. फक्त रजा टाकायची असते, म्हणून पंधरा दिवस आधी कळवावं.