बोरघाट, बँकर आणि एक फुकटातला गेम

ओपन टीटीडी नावाचा एक गेम आहे, फुकट मिळतो, आणि ग्राफिक्स बघून आजची पोरं नाक मुरडतील असा आहे. मूळ गेम ट्रान्सपोर्ट टायकून, १९९४ चा, ख्रिस सॉयर नावाच्या माणसाने जवळजवळ एकट्याने लिहिलेला आणि तोही बराचसा असेंब्लीत (म्हणजे मशीनच्या अगदी जवळच्या, किचकट भाषेत), पुढे २००४ पासून लोकांनी त्याची ओपन सोर्स आवृत्ती करून तो जिवंत ठेवलाय. रूळ टाका, स्टेशनं बांधा, कोळसा इकडून तिकडे न्या, पैसे कमवा, साल पुढे सरकेल तशी वाफेची इंजिनं जाऊन डिझेलची येतात मग विजेची, एवढंच. पण त्यात एक सोय आहे, जमिनीची उंची दाखवणारी काळी-पांढरी इमेज दिली की त्याचा खेळता येईल असा नकाशा तयार होतो. आता इतिहासाचा किडा चावलेल्या माणसाच्या हाती असं काही लागलं की तो काय करणार, मी कर्जत-खोपोली ते लोणावळा एवढा तुकडा टाकला आणि बोरघाटात रेल्वे चढवायला बसलो.

गेममध्ये हे काम तसं सोपं आहे. डोंगराच्या एका उतारावर क्लिक केलं की आरपार बोगदा तयार, पूल हवा तर माऊस ओढा, जमीन आडवी आली तर खणून काढा, फक्त खात्यातले पैसे कमी होतात. झाडं फार तोडली की जवळच्या गावाची नगरपालिका रुसते आणि पुढचं स्टेशन बांधू देत नाही, मग तिला लाच द्यायचंही बटण आहे (गेममधला सगळ्यात वास्तववादी भाग हाच, असं माझं मत). पण चढावर गाडी लागली की जी काही रखडते ना, आठ डब्यांची मालगाडी अक्षरशः पायी चालल्यासारखी जाते आणि तिच्या मागे बाकी सगळ्या गाड्या तुंबतात, तेव्हा पहिल्यांदा कळतं की ग्रेडियंट (चढाचं प्रमाण) म्हणजे नुसता आकडा नाही.

आपल्याकडे रेल्वेचा इतिहास म्हटलं की १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, साहिब सिंध सुलतान ही तीन इंजिनं, चौदा डबे, चारशे पाहुणे, तोफांची सलामी. शाळेपासून हेच. मान्य आहे, पहिली ती पहिली. पण ते सगळं सपाटीवरचं ३४ किलोमीटर होतं हो. खरी गंमत पुढे आहे. १८५६ मध्ये रूळ खोपोलीपर्यंत पोचले आणि समोर सह्याद्री. कंपनीने (जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) काय केलं तर घाट पूर्ण व्हायची वाट न बघता वरच्या बाजूचं काम उरकून १८५८ च्या जूनमध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू करून टाकली. म्हणजे खाली रेल्वे, वर रेल्वे, मधला घाट मात्र पालखीतून, तट्टावरून नाहीतर बैलगाडीतून चढायचा, आणि वर पोचलात की पुन्हा डब्यात बसायचं! ही अशी तोडकी-जोडकी वाहतूक १८६३ पर्यंत चालली. आज कर्जतहून खोपोलीला जी लोकल जाते ती म्हणजे त्या जुन्या मुख्य लाइनचं शेपूट, घाटाची लाइन पळसदरीवरून वर वळवली आणि खोपोली बाजूला पडली. त्या लोकलमध्ये बसणाऱ्या किती जणांना माहीत असेल की एकेकाळी पुण्याला जायला आधी इथेच उतरायला लागायचं.

घाटाचं काम सुमारे २५ किलोमीटरचं. त्यात ५५८ मीटर चढ, सगळ्यात तीव्र ठिकाणी सदतीसला एक, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. २५ बोगदे, आठ मोठे दगडी पूल. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल, त्याच्या वेळी १८५९ च्या सुरुवातीला थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला आणि थोड्याच दिवसांत त्याने काम सोडलं. मग सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि आल्यावर काही दिवसांतच आजारी पडून गेला. इथे कोणीही म्हणेल की आता काम बंद. तर त्याच्या बायकोने, अॅलिस ट्रेडवेलने, दोन अनुभवी इंजिनियर हाताशी धरून कंत्राट स्वतःच्या नावावर पूर्ण करून दाखवलं. १८५९ साली हातात घेतलेलं! वर या बाईने कामाचे फोटोही काढून ठेवले. घाटातून रोज जाणाऱ्या हजारो लोकांपैकी कोणाला हे नाव विचारून बघा.

आणि मजूर. १८६१ च्या सुमारास एका वेळी चाळीस हजारांवर माणसं त्या डोंगरात कामाला होती. दोर बांधून कड्यावर लटकायचं आणि तसंच लोंबकळत सुरुंगाची भोकं पाडायची. पावसाळ्यात काम जवळजवळ बंद, आणि कॉलरा आला की तांडेच्या तांडे पळून जायचे किंवा तिथेच मरायचे. त्यांची नावं कुठेच नाहीत. अॅलिसबाईंचं निदान एक पान तरी सापडतं. माझ्या गेममध्ये मजूर नावाची गोष्टच नाही, क्लिक केलं की धुराचा एक छोटा फुर्रर्र आणि बोगदा तयार, त्यामुळे बोगदा खणताना आता मला जरा विचित्रच वाटायला लागलंय. २१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या हस्ते उद्घाटन झालं, भाषणं झाली, आणि चारच वर्षांनी त्यातला एक मोठा पूल ढासळला. हेही शाळेत नव्हतं.

अजून एक भारी प्रकार म्हणजे रिव्हर्सिंग स्टेशन. खंडाळ्याच्या खाली एका जागी वळण घ्यायला डोंगरात जागाच नव्हती, मग रूळ सरळ कड्यापर्यंत नेऊन संपवले, गाडी तिथे थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. १९२० च्या दशकाअखेरीस विजेच्या गाड्या आल्या तेव्हा नवे बोगदे काढून ही भानगड संपवली. गेममध्ये मात्र हे मस्त जमतं, बंद टोकाचं स्टेशन बांधलं की गाडी आपोआप उलटी फिरते, इंजिन जागच्या जागी या टोकाचं त्या टोकाला जातं. जमत नाही ते बँकरचं, चढावर गाडीला मागून ढकलणाऱ्या जादा इंजिनाचं. म्हणजे मागे जास्तीचं इंजिन कायमचं जोडता येतं, पण खाली जोडा आणि वर सोडा हे मूळ गेममध्ये नाही, आणि बोरघाट म्हणजे तर बँकरच.

मी चिंचवडला राहतो, आई-बाबा डोंबिवलीला, त्यामुळे घाटातून जाणं-येणं कायम असतं. कर्जतला गाडी थांबते ती काही आपल्याला वडा खाता यावा म्हणून नव्हे, मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात म्हणून, आणि त्या थांब्यावरच कर्जतच्या वड्याचं नाव झालं. मागून एक हलका धक्का बसतो तो त्यांचा. लोणावळ्याला ती सुटतात. उतरताना तर याहून मजा, मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी गाडी मध्येच थांबते आणि डब्यात लगेच सुरू होतं, सिग्नल नाही वाटतं, क्रॉसिंग असेल, रेल्वेचं हे नेहमीचंच. मागच्या खेपेला शेजारच्या काकांनी तर सरळ सांगून टाकलं की माकडांसाठी थांबते. मी म्हटलं काका, ब्रेक तपासायला थांबते. तिथे रुळाला एक फाटा असतो, कॅच सायडिंग, तो डोंगरावर चढत जाऊन संपतो. गाडी थांबली तरच पुढचा मार्ग मिळतो, ब्रेक फेल होऊन सुसाट आली तर आपोआप त्या चढावर जाऊन अडकणार. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आपण सुखरूप आहोत ना, मग झालं." आणि परत पेपर उघडला.

परवा मित्राने ग्रुपवर फोटो टाकला, नवी इलेक्ट्रिक गाडी घेऊन खंडाळ्याचा घाट उतरला तर बॅटरी कमी व्हायच्या ऐवजी थोडी वाढली, खाली लिहिलं होतं फ्युचर इज हिअर. अरे बाबा, जीआयपी रेल्वेने १९२० च्या दशकात इथे स्विस बनावटीची मालगाडीची इंजिनं आणली होती, पुढे-मागे लांब सोंडा आणि मध्ये केबिन, रेल्वेवाले त्यांना खेकडा म्हणायचे. तीही उतरताना मोटारीने ब्रेक लावून वीज परत तारेत टाकायची. म्हणजे उतरणाऱ्या गाडीची वीज चढणाऱ्या गाडीला. हे शंभर वर्षांपूर्वीचं. त्यातलं एक इंजिन दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये उभं आहे. ग्रुपवर हे लिहिलं तर दोन अंगठे आले आणि विषय बदलला.

रस्त्याचंही तेच आहे म्हणा. शुक्रवारी संध्याकाळी मॅप उघडा, एक्सप्रेसवे सगळा निळा आणि घाट तेवढा लालभडक. २००२ पासून पूर्ण सहा लेनचा रस्ता आहे, तरी चढाला लागलेले ट्रक लेन सोडतच नाहीत. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमने याच घाटात गाडीरस्ता सुरू केला, त्या काळातला अमृतांजन पूल २०२० च्या एप्रिलमध्ये लॉकडाऊनच्या शांततेत पाडला, कारण त्याच्या खांबांमुळे रस्ता अडत होता. पाडायलाच हवा होता, अपघात होत होते, तरी बातमी वाचून जीव हळहळलाच. त्याच्याही आधी, दोन हजार वर्षांपूर्वी, कल्याण-सोपाऱ्याचा माल इथल्याच घाटवाटांनी वर यायचा, म्हणून तर कार्ले-भाजे तिथे आणि पहारा ठेवायला राजमाची. वाहन काहीही असो, डोंगराने जिथे फट ठेवलीय तिथूनच जायचं.

आता लढाईच्या गेमबद्दलची माझी जुनी तक्रार. एम्पायर टोटल वॉर, २००९ चा, त्यात मराठे खेळता येतात, कॉलेजात असताना त्यावर अख्ख्या रात्री घालवल्यात. पण त्यात एक चाल म्हणजे सहा महिने, आणि फौज म्हणजे एक छोटा माणूस, ओढला की नकाशावर चालत सुटतो. पानिपताच्या मोहिमेवर भाऊसाहेब (सदाशिवरावभाऊ) १७६० च्या मार्चमध्ये परतूरहून निघाले, दिल्ली हातात यायला ऑगस्ट उजाडला, म्हणजे गेमच्या हिशोबात एक चाल. त्या एका चालीत वाटेत आडवी येणारी चंबळ आहे, तोफा ओढणारे बैल आहेत, बाजारबुणगे, यात्रेकरू, घोड्यांची वैरण, सावकारांच्या हुंड्या, आणि पलीकडे जाऊ न देणारी यमुना. पानिपतावर वाद घालताना लोक तलवारीपासून सुरुवात करतात, मी आता वैरणीपासून करतो, त्यामुळे ग्रुपमध्ये मला फार कोणी विचारत नाही. रेल्वेचे बोर्ड गेम या बाबतीत बरे असतात, फ्रान्सिस ट्रेशमचा तर '१८५३' याच नावाचा गेम आहे, भारतातल्या रेल्वेवरचा, खेळायला अख्खा दिवस आणि चार चिवट माणसं लागतात. दिवस मिळतो हो, माणसंच मिळत नाहीत.

बोरघाटाची माझी लाइन सध्या चालू आहे, पण तोट्यात. दोन मालगाड्या चढावर एकमेकींच्या मागे लागल्या की खालच्या स्टेशनात डेक्कन क्वीन (हो, नाव मीच दिलंय) ताटकळत बसते. मधे एक पासिंग लूप (एक गाडी बाजूला घ्यायला जादा रूळ) टाकला की सुटेल बहुतेक. ते झालं की कसाऱ्याचा थळघाट घेणार, १८६५ मध्ये सुरू झालेला, तिथेही सदतीसला एक आणि तिथेही रिव्हर्सिंग स्टेशन होतं. नकाशा तयार करून ठेवलाय, फक्त इगतपुरी जरा चुकीच्या टेकडीवर बसलीय, ती सरकवायला हवी.