गडग्यापलीकडचं ग्रीन

आज स्कॉटलंडमधल्या नॉर्थ बेरिकच्या वेस्ट लिंक्स या गोल्फ मैदानावर खेळलो. 13व्या होलला ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या) अगदी पुढ्यात दगडी गडगा! थेट कोकणातल्या परसाची आठवण. माझा बॉल अर्थातच त्यावर आपटून परत आला. 15वं होल ते प्रसिद्ध 'रेडान'. ग्रीन तिरकं, शिवाय मागच्या बाजूला उतरतं. झेंड्यावर नेम धरलात की फसलात. उजवीकडे टाकायचा आणि घरंगळू द्यायचा. जगभर याच्या नकला झाल्यात.

जवळचं म्युरफील्डचं गोल्फ मैदान डिझाइन म्हणून जास्त हुशार, हे कबूल. पहिली नऊ होल्स बाहेरून घड्याळाच्या दिशेने, पुढची नऊ आतून उलटी, त्यामुळे वारा सतत कुस बदलतो. पण गेल्या वर्षी तिथे खेळलेलं एकही होल आज डोळ्यांसमोर येत नाही. गडगा मात्र झोपेतही दिसणार. रविवारी पुन्हा जातोय, दोन बॉल जास्तीचे घेऊन.