माळ्यावरची बंदूक

शस्त्र परवान्यांच्या टेबलावर मला चार वर्षं झाली, ऑफिस कुठलं ते विचारू नका, पुण्यातलंच आहे.

त्या दिवशी सकाळी सकाळीच सहकारनगरच्या एक काकू आल्या, सत्तरीच्या पुढच्या, परवान्याचं पुस्तक दुधाच्या पिशवीत घालून आणलेलं. मिस्टर आठ महिन्यांपूर्वी गेले, मुळशीकडे शेती होती तेव्हा रानडुकरांसाठी बारा बोअरची डबल बॅरल बंदूक घेतलेली, ती आता सतरंजीत गुंडाळून माळ्यावर पडलीये आणि मुलगी बेंगळुरूला. "ती घरातून न्या गं बाई, मला रात्री झोप नाही." मी म्हटलं, काकू, इथे नाही घेत, तुमच्या पोलीस स्टेशनला जमा करायची, बसा, अर्ज मी लिहून देते.

शेजारच्या टेबलावर साहेबांसमोर एक काका बसलेले. माहिती अधिकारवाले, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प ह्यांच्या खिशात कायम तयार असतो. त्यांना सगळ्या परवानाधारकांची नावं, पत्ते, मोबाईल, हत्याराचा प्रकार असं सगळं हवं होतं आणि साहेबांनी नाही म्हणून कळवलेलं. कलम ८(१)(ञ), खाजगी माहिती, वर (छ), जिवाला धोका. काका भांडायलाच आलेले, म्हणे कुठल्या गुंडाला कुणाच्या शिफारशीने परवाना मिळतो ते लोकांना कळायला नको का? प्रश्न चूक नव्हता हो, माझ्या हाताखालून गेलेल्या काही फाईली आठवल्या, जाऊ दे.

साहेबांना वाचायचा नाद, त्यांनी सुरू केलं अमेरिकेचं. डिसेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या 'द जर्नल न्यूज' ह्या पेपरने वेस्टचेस्टर आणि रॉकलंडमधल्या पिस्तूल परवानेवाल्यांचा नकाशाच टाकला, घर न् घर, शेवटी एवढी बोंब झाली की जानेवारीत काढावा लागला आणि तिथल्या सरकारने कायद्यातच सोय केली, की नाव गुप्त ठेवा म्हणून अर्ज करता येतो. कॅलिफोर्नियात २०२२ ला तर सरकारी खात्याच्याच वेबसाईटवरून सुमारे १ लाख ९२ हजार लोकांची माहिती फुटली. "म्हणजे चोराला दोन्हीकडून फायदा," साहेब म्हणाले, "बंदूक चोरायची तर कुठल्या घरात जायचं ते कळलं, आणि कुठल्या घरात नाहीये तेही कळलं."

काका शांतपणे ऐकत होते, मग मोबाईल काढला. "साहेब, यादी माझ्याकडे आहेच. मला फक्त तुमच्या सहीशिक्क्याची हवीय."

पीडीएफ बघून माझ्या पोटात गोळा आला. आचारसंहिता लागली की हत्यारं जमा करायला जी यादी काढतो तीच, मी टाईप केलेली, 'बिबवेवाडी'त एक 'वे' जास्त पडलाय तो पण माझाच. पोलीस स्टेशनांना पाठवायची म्हणून कुणीतरी व्हॉट्सॅपला टाकली आणि फिरत फिरत काकांच्या सोसायटीच्या ग्रुपवर आली. म्हणजे कलमं लावून आम्ही दार बंद करत होतो आणि मागची भिंतच नव्हती. साहेब काही बोलेचनात.

काकू उठल्या. "आमचं आहे का बघा हो त्यात."

होतं. मिस्टरांचं नाव, फ्लॅट नंबर, मोबाईल. तो मोबाईल आता काकूच वापरतात. "म्हणून येतात होय ते फोन," त्या म्हणाल्या, "जुनी बंदूक द्यायचीये का, कॅश देतो म्हणून. मला वाटायचं भंगारवाला असेल." काकांनी मोबाईल पालथा ठेवला, काहीतरी पुटपुटले.

मला विचाराल तर परवाने किती दिले, कशासाठी दिले, नकार मिळूनही मग कुणाला मिळाले, हे सगळं उघड करा, आमचे साहेब लोक तिथेच जास्त लपवतात. पण फ्लॅट नंबर कशाला? आणि यादी कुणी फोडली ते आजतागायत कुणी विचारलं नाही, मीही नाही.

अर्ज लिहायला घेतला. विषय, नाव, परवाना क्रमांक. मग काकूंनी माझा हात धरला.

"पत्ता लिहायलाच लागतो का गं?"

लागतो, म्हटलं. लिहिला.