रामो आणि कोमल गंधार

तानपुरा नीट लागला की खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या ‘सा’च्या, तारेतून गंधार, म्हणजे ‘ग’, ऐकू येतो. त्या गंधाराची तार तानपुऱ्यावर नसतेच, तो खर्जातूनच उमटतो. आमच्या बाई तो कानावर आल्याशिवाय ‘सा’ लावू द्यायच्या नाहीत. म्हणून झाँ-फिलिप रामो या फ्रेंच संगीतकाराबद्दल वाचताना एका जागी मी थबकलेच. एकाच नादाच्या पोटात पंचम आणि शुद्ध गंधार असतात, आणि सगळी हार्मनी, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा मेळ, तिथूनच जन्माला येते, असं हा माणूस कित्येक वर्षं सांगत होता.

रामोचा जन्म दिजाँचा, 1683 चा. वडील ऑर्गनवादक. त्यानेही उमेदीची वर्षं क्लेर्मोंच्या कॅथेड्रलसारख्या ठिकाणी ऑर्गन वाजवण्यात घालवली. 1722 मध्ये त्याचा हार्मनीवरचा जाडजूड ग्रंथ पॅरिसमध्ये छापला गेला. त्यातला भर तारेच्या लांबीच्या गणितावर होता. नादातल्या उपस्वरांवर, म्हणजे मूळ स्वरातून आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वरांवर, जोझेफ सोव्हर या फ्रेंच शास्त्रज्ञाने केलेलं काम त्याच्या हाती आलं ते नंतर, आणि 1726 च्या पुस्तकात त्याने ते वापरलं. आपण म्हणतो ते निसर्गच सांगतोय, याची त्याला आता खात्री पटली होती.

पण मग मायनरचं, म्हणजे कोमल गंधार असलेल्या हार्मनीचं, काय? खर्जातून शुद्ध गंधार येतो, कोमल येत नाही. रामोला हे सुटता सुटेना. 1737 मध्ये त्याने लिहिलं की वाजणारी तार तिप्पट आणि पाचपट लांबीच्या तारांनाही अख्ख्या लांबीने कंप पावायला लावते, आणि मायनर तिथून येतं. त्या तारा थरथरतात हे खरं, पण भागाभागांत, आणि त्यातून निघतो तो वाजवलेलाच स्वर. पुढे रामोला हा दावा बदलावा लागला. त्याचे विचार 1752 मध्ये सोप्या भाषेत मांडणारा गणिती दालाँबेरही नंतर त्याच्या विरोधात गेला.

रामोला रुक्ष गणिती म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ज्या मायनरचं मूळ त्याला धड सिद्ध करता आलं नाही, त्यातच त्याने किती जिवंत संगीत लिहिलंय! त्याची हार्पसिकॉर्ड या पियानोसारख्या जुन्या वाद्यावरची ‘ला पूल’, म्हणजे कोंबडी, घ्या. सुरुवातीच्या स्वरांखाली त्याने चक्क ‘को को को’ असं ओरडणं लिहून ठेवलंय. एकच स्वर टोचल्यासारखा पुन्हा पुन्हा वाजतो आणि मग एकदम वर उसळतो. ही गंमत म्हणून सुरू होते, पण ‘जी मायनर’मध्ये, म्हणजे पाश्चात्त्य ‘जी’ स्वराला षड्ज मानणाऱ्या मायनरमध्ये, असल्यामुळे हळूहळू तिच्यात असा काही आवेश भरतो की कोंबडी विसरायला होतं.

पहिला ऑपेरा त्याने रंगमंचावर आणला तो पन्नाशीत. ‘इपोलित ए आरिसी’, पॅरिस, 1 ऑक्टोबर 1733. त्याच्या दुसऱ्या अंकात नियतीच्या तीन देवता गातात, तिघींनाही पुरुषांचे आवाज. ग्रीक पुराणकथेतला राजा थेसियस पाताळातून सुटून निघालाय, आणि त्या त्याला बजावतात की नरक आता तुझ्या घरीच भेटेल. इथे सुरावट ‘जी मायनर’वरून ‘एफ शार्प मायनर’वर, तिथून ‘एफ मायनर’वर अशी अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली घसरत जाते. षड्ज पक्का धरून गायची सवय असलेल्या माझ्या कानाला तर पायाखालची जमीनच सरकल्यासारखं झालं. त्या काळच्या गायकांनाही हे पेललं नाही, आणि प्रयोगातून तो तुकडा गाळावा लागला.

आज तो रेकॉर्डिंगमध्ये सहज मिळतो. रामो कधीच ऐकला नसेल तर त्यापासूनच सुरुवात करा, हेडफोन लावून, आणि सगळ्यात खालच्या आवाजावर कान ठेवून. कोंबडी नंतर ऐकली तरी चालेल.