फवारणीच्या ड्रोनला क्वांटम कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

तासगाव-पलूसच्या पट्ट्यात कुठंही जा, हाच प्रश्न, द्राक्षाला औषध मारायच्या ड्रोनला क्वांटमचं कुलूप कशाला, बागेत काय अणुबॉम्ब ठेवलाय का. लग्नाच्या पंगतीतसुद्धा सोडत नाहीत. आता लिहूनच टाकतो.

मी ड्रोनवरून फोटॉन-बिटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, पाठवत नाही. ते २०२० मध्ये चीनच्या नानजिंगमधल्या लोकांनी केलं, ३५ किलोचा ड्रोन आणि अंतर २०० मीटर. माझं काम एवढंच, ड्रोनला हुकूम देणाऱ्या, आहे त्याच रेडिओवर क्वांटम कॉम्प्युटरलाही (काही गणितं आजच्या कॉम्प्युटरपेक्षा कैक पटीनं लवकर सोडवणारं मशीन) न फुटणारं गणित बसवायचं.

एका फवारणीवाल्या मालकांना धोका दाखवायचा होता. त्यांना विचारून, टाकी रिकामी, रान मोकळं. ड्रोन वर गेल्यावर त्यांचा लॅपटॉप बंद केला, माझा चालू केला, रेडिओला फॅक्टरीतून येतो तोच नेटवर्क नंबर ठेवला, आणि आरटीएल, म्हणजे 'उडालास तिथं परत ये' हा हुकूम, दाबला. ड्रोन निमूट वळून परत यायला लागला. कोण बोलतंय हे विचारलंच नाही त्यानं, मॅव्हलिंकमध्ये (ड्रोन आणि लॅपटॉप ज्या भाषेत बोलतात ती) सही, म्हणजे हुकूम खऱ्या मालकाचाच आहे याची डिजिटल खूण, तपासायची सोय आहे पण चालू करतंय कोण! पायलट पोरगा एकदा रिमोटकडं बघतोय, एकदा माझ्याकडं. मालक म्हणाले, "म्हणजे तुम्हीच हॅकर की ओ!" काम गेलंच, वर गावभर झालं की ह्यो ड्रोन पळवतो. माझी गाडी दिसली की ओळखीचेसुद्धा ड्रोन खाली घ्यायला लागले. लागलं ते.

आणि खरं सांगू? त्या दिवशी जे उघडं पडलं त्यात क्वांटमचा काही संबंध नव्हता, साधी सही चालू असती तर भागलं असतं. कुठल्या प्लॉटला काय मारलं हे दहा वर्षं लपवायचीही गरज नाही, मान्य. पण ड्रोनच्या सॉफ्टवेअरचं अपडेट खरंच कंपनीचं आहे का हे ज्या सहीवर ठरतं, ती सही मोठा क्वांटम कॉम्प्युटर आला की गणितज्ञ पीटर शोरच्या १९९४ च्या पद्धतीनं खोटी करता येते, मग ड्रोन कुणाचा?

पूर्वी मीच सांगत फिरायचो की सगळंच फुटणार. तसं नाही, माहिती कुलूपबंद करायची एईएस-२५६ ही पद्धत टिकेल. अडचण सह्यांची. अमेरिकेच्या निस्टनं, म्हणजे मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं, ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटमपुढं टिकणारी नवी स्टँडर्डं काढली, त्यातल्या एमएल-डीएसए-६५ या सहीच्या पद्धतीची सही ३३०९ बाइटची, आत्ताची ६४ ची. मॅव्हलिंकच्या एका पॅकेटात जास्तीत जास्त २५५ मावतात, म्हणजे १३ तुकडे, त्यातला एक गळाला की परत मागा. म्हणून सही तपासायचं काम ड्रोन उडायच्या आधी जमिनीवरच उरकून घ्यायचं.

पण हवेत रेडिओची लिंक तुटून परत जुळली तर? मी म्हणतो परत सही तपासा, पार्टनर म्हणतो तोवर ड्रोन शेजारच्या बागेत. त्याचंही चूक नाही.